शेल्याची मागची बाजू

एका गावात तुळसा नावाची एक बाई होती. विटलेले कपडे ती घरच्या घरी पुन्हा रंगवून द्यायची. कापडावर भरतकाम असलं, तर त्यावर पातळ मेण लावायची. आधी पुढून, मग उलटून मागून. मेणाखाली रंग शिरत नसे. शेवटी गरम पाण्यात मेण काढलं, की टाके जसेच्या तसे.

एक दिवस शेजारच्या आळीतल्या हिराकाकू आपल्या वारलेल्या लेकीचा शेला घेऊन आल्या. निळा रंग पार उडाला होता, पण लेकीनं भरलेली जाईची पांढरी फुलं अजून टवटवीत होती.

“नात लग्नात हाच घेणार म्हणते. फुलांना जप गं बाई. तिच्या आईच्या हातचं एवढंच उरलंय.”

लग्नसराईचे दिवस. तुळसाकडे कामाचा ढीग पडला होता. तिनं शेल्याला पुढून मेण लावलं आणि मागच्या बाजूशी हात थांबला. ‘उलटून कोण बघतंय?’ असं म्हणून तिनं शेला निळीच्या थंड पाण्यात सोडला.

मेण काढून तिनं शेला उजेडात धरला. रंग मागून शिरला होता. एकही फूल पांढरं राहिलं नव्हतं. किती धुतलं, तरी डाग हलेनात.

शेला घेऊन जाताना एकच विचार तिला सोडेना. दोराच कच्चा निघाला, त्यानंच रंग धरला म्हटलं तर? ज्या हातांनी ती फुलं भरली, ते हात आता उत्तर द्यायला नव्हते.

काकूंच्या अंगणात हळद दळायला बायका जमल्या होत्या. शेला उलगडताच एक जण म्हणाली, “अगं बाई! दोराच कच्चा असणार.”

तुळसानं मान खाली घातली. मग म्हणाली, “दोरा पक्का होता. मागून मेण लावायचा मी कंटाळा केला.”

जातं थांबलं. काकूंनी त्या फुलांवरून बोटं फिरवली. डोळे पुसून म्हणाल्या, “फुलं गेली, त्याचं दुःख आहेच. पण दोरा कच्चा म्हणाली असतीस, तर मी खरं मानलं असतं. आणि मनातल्या मनात लेकीलाच बोल लावत बसले असते.”

लग्नात नातीनं तोच शेला घेतला, डागांसकट.

तात्पर्य: कामातली चूक कधी कधी भरून निघत नाही, पण तिचा दोष दुसऱ्यावर, त्यातही बोलू न शकणाऱ्या माणसावर, कधीही ढकलू नये.