तळ्याकाठचं भगदाड

प्राणी सभा भरवून आपापसांत भांडत, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याकाठी बिळांची रांग होती आणि साऱ्यांच्या दारावरून एकच वाट जायची. पावसाळा सरला की प्रत्येकाने वाटेवर दगडमाती आणून टाकायची, असा रिवाज होता.

त्या वर्षी पाणमांजरी सभेत फणकारली, "माझं जाणं-येणं पाण्यातून. तुमच्या वाटेसाठी मी का राबू?"

"मी तर उडतो," बगळा म्हणाला. मग सशालाही आठवलं, की त्याचं बीळ वाटेच्या अगदी तोंडाशी आहे. एकटं साळिंदर किती दगड ओढणार? पावसाने वाटेत पाडलेलं, पाण्याने भरलेलं भगदाड तसंच राहिलं.

थंडीत पाणमांजरीचं पिल्लू तापाने फणफणलं. त्याला गार पाण्यात नेणं शक्यच नव्हतं. ती पोहत जाऊन मुंगूसवैद्याला बोलावून आली आणि दाराशी उभी राहिली. आत पिल्लाचा श्वास घरघरत होता. वैद्य अजून कसे येत नाहीत?

शेवटी भगदाडापलीकडून हाक आली, "बाई, मला पोहता येत नाही. पुढे येऊ कसा? पिल्लाला पाहिल्याशिवाय कुठली मुळी देऊ?"

पाणमांजरी धावत सुटली. साळिंदर आधीच दगड ढकलत होतं. तिनेही एक तोंडात धरला आणि आशेने वर झाडावरच्या बगळ्याकडे पाहिलं.

"मी तर उडतो, बाई," बगळा म्हणाला.

ती भगदाडाकडे वळली. तोंडात दगड होता.