बिनपाटीची मोटार आणि यात्रेची आमटी

आंबेसावळी नावाच्या गावात कोंडिबा नावाचा एक इतका भोळा वायरमन होता, की तुम्ही 'बस' म्हणालात तर 'ऊठ' म्हणेपर्यंत तो उठायचा नाही.

त्या गावात सगुणाकाकूंची मसाल्याची गिरणी होती. यात्रेच्या आमटीला मसाला काकूंचाच, हे सासूबाईंपासून ठरलेलं. आणि नेमकी यात्रेच्या आदल्या दिवशी मोटार जळाली. कमिटीचे बबनशेठ येऊन सांगून गेले, "काकू, उद्या दुपारपर्यंत मसाला नाही आला तर आम्ही पाकिटातला आणणार. आणि मग दरवर्षी पाकिटातलाच."

पाकिटातला! काकूंना रात्रभर झोप नाही.

सकाळीच त्यांनी भंगारवाल्याकडून एक दणकट मोटार आणली आणि तिचा वेग सांभाळायला एक ड्राइव्ह, म्हणजे बटणांचा डबा. आता हा डबा आधी विचारतो, मोटार किती ताकदीची, किती वेगाची. ते लिहिलेलं असतं मोटारीच्या पाटीवर. आणि या मोटारीला पाटीच नव्हती.

कोंडिबाने तालुक्याला रफीकउस्तादांना फोन लावला.

"पाटी नसली तर घाई नाही करायची," उस्ताद म्हणाले. "पट्टा काढ, मोटार मोकळी फिरव, किती करंट घेते बघ आणि अंदाजाने आकडे भर."

कोंडिबाने पट्टा काढला. आकडे भरले. मोटार काय सुरेख फिरली म्हणता! काकूंनी वरून मिरच्या ओतल्या. बराच वेळ झाला, मिरच्या आपल्या अख्ख्याच.

"कोंडिबा, हे दळत का नाही रे?"

"पट्टा काढलाय ना, काकू."

"मग चढव की."

"उस्ताद काढ म्हणाले. चढव नाही म्हणाले."

परत फोन. उस्ताद म्हणाले, "चढव बाबा."

चढवला. तर मोटार फिरली उलटी. मिरच्या खाली जायच्या सोडून भसकन वर आल्या. काकू शिंकल्या, कोंडिबा शिंकला, समोरचा न्हावी शिंकला आणि त्याच्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली.

"उलटी फिरली की मोटारीच्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या," उस्तादांनी सांगितलं. "लक्षात ठेव."

कोंडिबाने लक्षात ठेवलं. वायरी बदलल्या, मोटार सुलटी झाली. पण आता चालू करताना असा झटका बसायचा की ड्राइव्ह लगेच बंद पडायचा. कोंडिबाने शांतपणे दोन वायरी बदलल्या. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाची उरलेली मिशी गेली.

"अरे, झटक्याला वायरी कशाला बदलतोस?" उस्ताद म्हणाले. "त्या होत्या तशा लाव. आणि ड्राइव्हमध्ये वेग घ्यायचा वेळ वाढव. मोटारीच्या बाबतीत सगळं कसं हळूहळू करायचं."

हे मात्र जमलं. मोटारीने हळूहळू वेग घेतला, लालभडक मसाला पडायला लागला, काकूंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात पट्टा घसरून घासायला लागला आणि धूर निघाला.

"कोंडिबा, बंद कर."

"करतोय, काकू. हळूहळू."

तो बटण एकेकदा दाबून वेग थोडा थोडा उतरवत बसला. पट्टा जळून तुटला तेव्हा कुठे तो निम्म्यावर आला होता.

आता उस्तादांचा आवाज चढला. "धूर दिसला की कुणाला विचारत बसायचं नाही. आधी करंट तोडायचा. तरी थांबला नाही तर वाळू टाकायची. पाणी नाही, वाळू. आणि धूर निघतो तिथेच, आजूबाजूला नाही. कळलं?"

"कळलं, उस्ताद."

काकूंनी जुना पट्टा शोधून दिला. गिरणी सुरू झाली आणि दुपारच्या आत मसाला तयार. असा खमंग, की बबनशेठ स्वतः न्यायला आले आणि म्हणाले, "काकू, पाकिटाचं नाव काढणार नाही आता." मसाला आमटीत पडला. काकू नवं लुगडं नेसल्या आणि कोंडिबाला म्हणाल्या, "जा, देवळामागे आमटीला उकळी आली का बघून ये."

कोंडिबा गेला. बघतो तर काय, धूरच धूर!

त्याने कुणालाही विचारलं नाही. धावत जाऊन गावाच्या डीपीचा खटका खाली ओढला. भोंग्यावरचं भजन मध्येच थांबलं. काय झालं म्हणून आचाऱ्यांसकट सगळं गाव डीपीकडे धावलं. कोंडिबा परत चुलीपाशी आला. करंट तोडला, तरी धूर चालूच. आणि सगळ्यात जास्त तर मोठ्या कढईतून, पांढराशुभ्र, गरमागरम.

सभामंडपाच्या बांधकामाची वाळू शेजारीच पडली होती. त्याने दोन घमेली भरली आणि नेमकी कढईत टाकली. कणभरही आजूबाजूला नाही. वर झाकण ठेवलं. धूर थांबला.

लाइट आली, पंगत बसली. पहिली वाटी बबनशेठना. त्यांनी घास घेतला. चावला. परत चावला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघतेय, काकू पदराचं टोक पिळतायत.

"चव झकास आहे," बबनशेठ सावकाश म्हणाले. "पण काकू, मसाला जाडसर राहिला."

काकूंचा चेहरा पडला. ते बघून कोंडिबाला फार वाईट वाटलं. तो पंगतीतून तसाच उठला आणि त्याने फोन लावला.

"उस्ताद, ड्राइव्हचा वेग किती वाढवू?"