सहा वळू आणि पाच पंच

"यापुढे निवडणूक बंद!"

कमळापूरच्या चंडप्रताप राजाने भर दरबारात फर्मावलं आणि सगळे गार पडले. त्या नगरीत दर तीन वर्षांनी लोक मडक्यांत चिंचोके टाकून आपले पाच पंच निवडत. नगरीचे कायदे हे पंच करत. आता राजाच्या मनाने घेतलं होतं, की हेच पाच जण जन्मभर पंच राहावेत.

"योग्य बोललात, महाराज!" थोरले पंच गुणाजीपंत मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "लोकांना काय कळतं कारभारातलं? कायदा कशाशी खातात, ते तरी ठाऊक आहे का त्यांना?"

"पंचांपेक्षा जास्त ठाऊक आहे, महाराज!" मागून आवाज आला.

ती ठकूबाई होती. कचेरीसमोरच्या चौकात तिची पाणपोई. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाणी पाजायची आणि कुठलं काम कुठल्या दारी होतं, तेही सांगायची.

राजा मोठा हट्टी. तो गरजला, "सिद्ध कर! उद्या सूर्य मावळायच्या आत. नाही जमलं, तर निवडणूकही बंद आणि तुझी पाणपोईही!"

"त्यात काय अवघड! पंचांना चार प्रश्न विचारते की."

"प्रश्न?" गुणाजीपंत उसळले. "हा आमचा अपमान आहे! पंच निवाडा देतो, उत्तरं देत नसतो!"

"तेही खरंच," राजा म्हणाला. "ठकूबाई, पंचांना एकही प्रश्न विचारायचा नाही!"

दरबारात खसखस पिकली. न विचारता कुणाला काय येतं, ते कळणार कसं? ठकूबाई घरी निघाली. उगाच बोलले, असं तिला वाटू लागलं. वाटेत एक मोकाट वळू रस्ता अडवून बसला होता. त्याला वळसा घालता घालता ती थबकली, आणि एकटीच हसत सुटली.

सकाळी ती राजवाड्यावर हजर! "महाराज, साधा अंगरखा घाला आणि माझ्याबरोबर फेरफटका मारायला चला."

दोघं आधी गुणाजीपंतांच्या घरी गेली. उंबऱ्याला टेकून भला थोरला वळू बसलेला! पहाटेच ठकूबाईने तिथे गूळ आणि पेंड ठेवली होती. नगरीत मोकाट वळूंना काही तोटा नव्हता.

"अरे, सेनापतीला बोलवा! घोडदळ आणा!" पंत खिडकीतून ओरडत होते.

दुसऱ्या पंचांच्या दारातही वळू. त्यांनी वैद्याला बोलावलं होतं. तिसऱ्यांना वाटलं साक्षात नंदीच आला. ते त्याची पूजा करत होते. चौथे मागच्या भिंतीवरून उतरायला गेले आणि धोतर अडकून लोंबकळत राहिले. पाचव्यांनी लांबलचक अर्ज लिहिला होता, पण तो द्यायचा कुणाकडे, ते त्यांना उमजेना.

"आता एकच दार राहिलं," ठकूबाई म्हणाली आणि राजाला कासारआळीत घेऊन गेली.

गोजरा कासारणीच्या दारातही वळू ठाण मांडून होता. गोजराने त्याला पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली, "अगं मथे, चावडीवर वर्दी दे गं! म्हणावं, दारात मोकाट जनावर आहे. कोंडवाड्याच्या माणसाने घटकाभरात यायचं, नाही आला तर त्यालाच कोंडतात!"

घटका भरायच्या आत माणूस धापा टाकत आला आणि वळूला दोरखंड बांधून घेऊन गेला.

राजा बघतच राहिला. "बाई, हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?"

गोजराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "परगावचे दिसता! पाडव्याला दवंडी पिटली होती की. पाचही पंचांच्या शिक्क्यानिशी!"

दुपारी दरबार भरला. पंच कसेबसे येऊन पोचले. राजाने त्या दवंडीचा हुकूमनामा मागवला आणि गुणाजीपंतांच्या पुढ्यात टाकला. "हा शिक्का कुणाचा?"

"आमचाच, महाराज," पंत पुटपुटले. "तेवढा वाचायचा राहिला."

सगळा दरबार खो खो हसला. पण हट्टी राजा इतक्या सहज हार मानतो थोडाच!

"ठकूबाई, तू जिंकलीस. पण मला एक सांग. लोक एवढे जाणते आहेत, तर त्यांनी हे असले पंच निवडलेच कसे?"

पंचांच्या जिवात जीव आला. गुणाजीपंतांचा हात पुन्हा मिशीकडे गेला.

ठकूबाई म्हणाली, "काय करणार, महाराज! निवडायचे होते पाच, आणि उभे राहिले तेही पाचच. बाकी सगळे कामात होते!"

राजा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला. हसता हसता त्याचा मुकुट कलला! डोळे पुसत तो म्हणाला, "निवडणूक कायम! ठकूबाईला चौकात दगडी पाणपोई बांधून द्या. आणि ज्याला पंच व्हायचं असेल, त्याने आधी महिनाभर तिच्या हाताखाली पाणी वाटायचं!"

ठकूबाईने वाकून मुजरा केला. "पंतांना आजच पाठवा, महाराज. रांजण घासायचेत!"