दुसरा दरवाजा

मेघगडच्या राजांच्या आजोबांनी एक विचारमंडळ नेमलं होतं. पूर्वी कधी झालं नाही ते पुढेही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. नवं काही काढेल त्याचा कडेलोट, हा नियम मंडळानेच राजाकडून करून घेतला. राजे बदलले, पण मंडळापुढे मान वर करायची कुणाची छाती झाली नाही. गडावर लोक पोराला नवं नाव ठेवायलाही भीत.

यंदा गडाच्या एकुलत्या एका दरवाजाशी गवताच्या गंजीने पेट घेतला. वाट बंद झाली आणि आत अडकलेली कितीतरी माणसं होरपळून मेली. मंडळात नव्यानेच आलेल्या भानजींना राहवलं नाही. ते राजांना म्हणाले, "मागच्या अंगाला दुसरा दरवाजा करावा."

झालं! शिपायांनी त्यांना कड्यावर उभं केलं. खाली दरी, पाठीशी भाले. राजांसह सारा गड बघायला जमला होता.

"शेवटचं काही बोलायचंय?" मंडळाचे प्रमुख विसाजीपंत म्हणाले.

भानजींनी खाली दरीत डोकावून पाहिलं. "पंत, इथून आजवर कुणाकुणाला लोटलं?"

"कुणालाच नाही!" पंतांनी मिशीवर ताव दिला. "आमचा धाकच असा, की तीन पिढ्यांत कुणी तोंडच उघडलं नाही."

"म्हणजे गडावर पहिला कडेलोट आज तुम्ही करणार. मग नियमाने माझ्यामागून तुम्हीच. या, मी खाली वाट बघतो."

पंत झटकन कड्यापासून मागे सरले.

राजांनी घाम पुसला. "भानजी, तो दुसरा दरवाजा कुठे म्हणालात?"