गुडघाभर कोरांटी

एक होती अनसाबाई, एक तिची ठेंगणी लेक हौसा, अन् अंगणात होती गुडघाभर कोरांटी. हौसाला बघायला पाहुणे यायचे होते. निदान दारचं झुडूप तरी उंच दिसावं म्हणून अनसाबाई कोरांटीला रोज घागरभर पाणी घालायची.

कोरांटी म्हणाली, "बाई, मी एवढीच असते. पाण्यानं मुळं कुजायला लागली, कळी कुठून धरू?"

"दोघी मेल्या सारख्याच," म्हणत अनसाबाईनं रागानं पाणीच तोडलं. माती सुकली तशी मुळं तरारली, आणि पाहुणे आले तेव्हा कोरांटी पिवळीधमक फुलली होती.

मुलाची आई तर उंचीनं हौसाच्याही खांद्याला लागत होती. फुलं खुडत ती म्हणाली, "आमच्याकडे चाफाही ताडमाड अन् माणसंही. बोलता बोलता मान अवघडते माझी. हीच सून हवी."

तिथंच सुपारी फुटली.