हेरंबचा कान

एका शहरात हेरंब ठोसर नावाचा एक रेकॉर्डिस्ट होता. रॉक वाजवणारी पोरं त्याच्या स्टुडिओत यायची. गिटार कोकलायची, ड्रम छाती हादरवायचे, आणि त्या गदारोळातून हेरंब असं गाणं काढायचा की ऐकणाऱ्याने मान डोलवलीच पाहिजे. त्याच्या कानाची ख्याती मोठी होती. पोटही त्यावरच चालायचं.

'वणवा' नावाच्या बँडचा गायक यशोधन पहिल्यापासून त्याच्याकडेच गायचा. एकच गाणं पाच-सहा वेळा गायचा आणि न ऐकताच उठायचा. म्हणायचा, "हेरंबदादा, यातलं चांगलं तू निवड. मला माझाच आवाज ऐकवत नाही." बँडमधले बाकीचेही हेरंबच्याच भरवशावर असायचे.

पुढे यशोधनचं नाव झालं. कॉलेजची पोरं सह्या मागायला लागली, भिंतींवर पोस्टर लागले. हेरंबला मात्र कोपऱ्यावरचा चहावालाही ओळखेना. "गाणं घडवतो मी, आणि हार याच्या गळ्यात!" हेरंब जळफळू लागला. यशोधनला टाळ्या पडल्या की याच्या पोटात दुखे.

नव्या गाण्याच्या वेळी यशोधन नेहमीसारखा गाऊन निघून गेला. त्या पाच-सहा वेळांपैकी एकदा गाणं असं उतरलं होतं की हेरंबच्याही अंगावर काटा आला. तिथेच त्याचं डोकं फिरलं. त्याने ते पुसून टाकलं, आणि घसा बसल्यावर गायलेलं, सुरात ढिलं पडलेलं तेवढं पुढे पाठवलं.

गाणं सपशेल आपटलं. हेरंबला गुदगुल्या झाल्या. पण आठवड्याभरातच एका बँडने ठरलेलं रेकॉर्डिंग मोडलं, मग दुसऱ्याने. एक दिवस यशोधनच दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हेच हेरंबला जास्त लागलं.

"दादा, लोक म्हणतात तुझा कान गेला. मी भांडलो सगळ्यांशी. पण खरं सांग, तुला ऐकू कमी येतं का? आपण डॉक्टरकडे जाऊ."

हेरंब पेचात पडला. नाही म्हणावं, तर मग ते गाणं का निवडलंस, हे सांगावं लागणार.

"हो रे," तो खाली मान घालून म्हणाला. "येतं कमी."

ही गोष्ट शहरभर झाली. बहिऱ्या रेकॉर्डिस्टकडे कोण येणार? स्टुडिओला कुलूप लागलं. हेरंब घरी बसला, आणि शेजारी लागलेली यशोधनची नवी गाणी त्याला भिंतीपलीकडूनही अगदी स्वच्छ ऐकू येत राहिली.

तात्पर्य: मत्सरापोटी जो आपल्या कसबाशी बेइमानी करतो, त्याला पुढे ते कसब आपल्याकडे आहे हे सांगायलाही तोंड उरत नाही.