तिसऱ्या घंटेचा पहिला टोल

एका राज्यात कारागिरांची घरं एकेक करून ओस पडू लागली. विणकर गेले, सुतार गेले, चितारी गेले, सगळे डोंगरापलीकडच्या नव्या मुलखात. तिकडे सोनं उधळतात म्हणून नव्हे हो. इथल्या खजिन्यातल्यासारखी वस्तू दुसरीकडे घडू नये, म्हणून राजा दंडकेतूच्या जादूगाराने खजिन्याला शाप जोडला होता. वस्तू आत गेली की विणकराची बोटं बधिर होत, चिताऱ्याची नजर जाई. मग कोण राहील?

राजाने खिंडीत दगडी वाघ बसवला. त्यानंतर निघालेल्यांची नुसती पागोटी सापडली.

भानजी ओतारी तेवढा उरला. राजाने त्याला खजिन्यासाठी तीन घंटा ओतायला सांगितल्या. पहिलीने त्याचा उजवा कान नेला, दुसरीने डावा अर्धा. तिसरी ओतायची पाळी आली. कान गेल्यावर घंटेचा सूर कसा जुळवणार?

खजिन्याच्या झरोक्यात राहणारी एक साळुंकी त्याच्या डाव्या खांद्यावर बसून म्हणाली, "खजिन्यातली एक वस्तू वापरात आली, की शाप तुटेल."

"आणि वापरणारा?"

"त्याला सुळी देतात."

तरी भानजीने तिसरी घंटा पुरी केली. ती घेऊन तो खजिन्याच्या भुयारात उतरला. आत नवी लुगडी कुजत होती, पाळणे रिकामे होते. घंटा टांगताच त्याचा डावा कानही मिटला. ओताऱ्यांची रीत अशी, की पहिला टोल घडवणाऱ्याने द्यायचा. राजाने ती मोडली होती, म्हणून आधीच्या दोन्ही घंटा तिथे मुक्याच टांगलेल्या होत्या. भानजीने डोळे मिटले आणि घंटेचा लोलक हाणला.

त्याला काही ऐकू आलं नाही. फक्त छातीत थरथर जाणवली. मग दोन्ही कान एकदम उघडले आणि तिन्ही घंटांचा घणघणाट आत शिरला. खिंडीतला वाघ तडकला, जादूगाराची राख झाली.

राजा धावत आला. तो घामाने भिजला होता. "आता सगळेच जातील."

"जाऊ द्या महाराज. वाट मोकळी ठेवा, वस्तू वापरात आणा. ज्यांना यायचं ते येतील."

वाघ नाही, जादूगार नाही, आता सुळी कुणाच्या जोरावर देणार? राजाने मान खाली घातली आणि खजिना लोकांना वाटून टाकला. पुढे काही घरं परतली, काही तिकडेच रमली. वाट मात्र कुणी अडवली नाही.

त्या दिवशी भानजी घरी आला, तर बायको येसू दाराशी भेदरून उभी होती.

"अहो, जिवंत आहात ना?" ती हलकेच पुटपुटली.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला ओरडावं लागलं नव्हतं. भानजी उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "पुन्हा बोल."